‘नाही’ म्हणायची बंदी

“अगं बये, डोळं तुज्या टोपात ठिव! माज्या पोटावर काय तमाशा लागलाय व्हय?”

“मी कुटं बगत व्हते?”

“बगत न्हवतीस तर चिली बुडाला कशी लागली? करपट वास येतोय. हालव.”

बर्निसनं घाईघाईनं डाव फिरवला, पण नजर हलवली नाही. शाळेच्या भटारखान्यात टोपाच्या या अंगाला बर्निस आणि त्या अंगाला वेल्डा रिंगल, दालचिनीच्या रोलांचं पीठ लाटत. चिली म्हणजे आमचं राजमा-खिम्याचं तिखट कालवण; त्या दिवशी रोल पाहिजेच, नाहीतर आमची पोरं ताट तसंच परत सारतात.

“एक इचारू, वेल्डा?”

“न्हाई.”

“न्हाई म्हंजी इचारू नगं, का न्हाई म्हंजी... त्ये न्हाई?”

“इचारू नगं.”

बर्निसनं डाव टोपाच्या काठावर आपटला. “मला आपलं बरं वाटतं, यवडंच सांगते. हितं मागलं दार दिसभर उगडं असतंय. दूधवाला येतोय, भाजीवाला येतोय, कोन कुनाचा पत्ता न्हाई. तू हायेस म्हनून जिवाला आदार—”

“बर्निस, भट्टी तापली. तोंड बंद कर आन् त्या भट्टीचं उगड.”

वेल्डा रिंगल म्हणजे सॉल्ट विलोच्या शाळेची आचारीण. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन वाढली आणि आता त्यांची पोरं खातायत. अंगानं दुहेरी, आवाज डरकाळीसारखा, हात भाकरीच्या परातीएवढे. नवरा बर्ट गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा डेल तेलाच्या विहिरींवर उत्तरेकडं कामाला, महिन्यातून एकदा घरी. सून डार्सी आणि नात टिली वेल्डाच्याच अंगणात, चाकावरच्या घरात राहतात. सकाळी वेल्डा टिलीला आपल्या पिकअपमधून शाळेत आणते, दुपारी परत नेते. त्या दोन वेळा तिच्या दिवसाचे दोन खांब होते म्हणा, मधलं सगळं त्यांच्यावर तोललेलं.

वेल्डाच्या एप्रनला एक मोठा खिसा होता आणि त्यात पेपरमिंट असायची. जेवण झालं की बारकी पोरं रांगेनं येऊन तिच्या पोटाला मिठी मारत आणि खिशात हात घालत. मुख्याध्यापक बदलले, फळे बदलले, बाकडी बदलली. हा रिवाज काही बदलला नव्हता.

यंदा शाळा उघडली आणि तो बंद झाला. पोर धावत आलं की वेल्डा हात पुढं करून त्याला लांबच थांबवी आणि पेपरमिंट वरून हातात टाकी. गावानं ते पाहिलं. आणि आमचं गाव पाहून सोडून देणाऱ्यातलं नाही.

हे असं का झालं ते सांगायला हवं. आमच्या वायोमिंग राज्याच्या या कोपऱ्यात बंदुकीचं वावडं कुणाला नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा हरणाचा मोसम लागला की थोरल्या पोरांच्या पिकअपमध्ये मागच्या काचेला रायफली टांगलेल्या असत आणि पिकअप शाळेच्या आवारात उभे असत. मास्तर जाता जाता नळी न्याहाळून “बरी हाय की” म्हणत. मग कायदा आला, शाळेच्या कुंपणात बंदूक नको. त्यानंतर कुठं कुठं शाळांत शिरून कुणी कुणी गोळ्या झाडल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मग उलटा कायदा आला: ज्या त्या शाळेच्या मंडळानं ठरवावं, शिकवून-पारखून काही नोकरमाणसांना अंगावर बाळगू द्यावं. उघडं नाही, कपड्याखाली. आणि नाव कुणाला कळू द्यायचं नाही.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष हार्लन बिक्स्बी. गवताच्या गाठी विकतो. खेळाच्या हॉलमध्ये सभा भरली तेव्हा तो उभा राहून म्हणाला, “कळपात चावनारं कुत्रं कुटलं, हे लांडग्याला कळता कामा नये. म्हंजी त्यो समद्यांनाच भितोय.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नावं ठाऊक तिघांना: हार्लनला, शाळेचे मुख्याध्यापक पेल्टनसाहेब यांना आणि शेरीफला. आणि पेल्टनसाहेबांनी नोकरमाणसांना एक नियम घातला. कुणी विचारलं तर ‘हो’ म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही म्हणायचं नाही. म्हटलं तर त्याच दिवशी घरी.

लांडग्याचं मला माहीत नाही. पण कळपातली मेंढरं त्या दिवसापासून एकमेकांच्या कंबरेकडं बघायला लागली.

उघडी बंदूक आमच्या ओळखीची, झाकलेली आजवर कुणी बघितली नव्हती. गाण्याचे मास्तर एन्सली उकाड्यातही बिनबाह्यांचा स्वेटर घालतात, ते कशापायी? पुस्तकालयातली बाई पर्स खांद्यावरून खाली का ठेवत नाही? झाडूवाल्या गसचा शर्ट एवढा ढगळ कधीपासून? ‘स्पर’ हॉटेलात आमचं सकाळचं म्हाताऱ्यांचं टेबल असतं. तिथं पूर्वी पाऊसपाणी आणि गुरांचे भाव निघायचे. आता माणसांची अंगं निघायला लागली.

तिथंच एकदा क्लीव्ह डॉब्सननं निकाल दिला. क्लीव्ह जुना गुराखी आहे, ऐंशीला टेकलाय, आणि न्याहारीलासुद्धा पिस्तूल लावून येतो.

“येड्यांनो, येन्सली कशाला बगताय? वेल्डाला बगा,” तो म्हणाला. “काल थाळा पडला तिच्या हातनं. कशी बसली म्हाईत हाय? पाठ ताठ, गुडघ्यात. वाकली न्हाई. पोटापुडं बांदल्यालं मानूस असंच बसतंय.”

“वय झालंय तिचं, क्लीव्ह.”

“माजं तिच्यापरास जास्त झालंय. म्या सोता बांदतोय, मला शिकवू नगंस. बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला, एप्रनच्या आत उंचवटा हाय. चालताना हात तिथंच जातोय. खुर्चीत बसली की आदी पट्टा वर वडती. आन् पोरांना मिठी मारायची का बंद केली? सांगा की आता!”

मिठीचं निघालं आणि टेबलाला ते पटलं. कारण बंदूक बाळगणारा पोरांना पोटाशी धरत नाही, हे आमच्याकडं शेंबड्यालाही कळतं.

क्लीव्हनं एकही खूण चुकीची सांगितली नव्हती. ती वाकत नव्हती, उंचवटा होता, पट्टा होता, हातही तिथंच जात होता. फक्त त्या पट्ट्याखाली पिस्तूल नव्हतं, वेल्डाचं आतडं होतं.

उन्हाळ्यात गोठवलेल्या मटणाची खोकी उतरवताना तिच्या पोटात काहीतरी सटकलं आणि लिंबाएवढी गाठ बाहेर आली. कॅस्पर शहरातल्या डॉक्टरनं बोटानं दाबून सांगितलं, हर्निया, शिवून टाकावं लागेल आणि पुढं दीड-दोन महिने काही उचलायचं नाही. वेल्डा म्हणाली, पुढल्या उन्हाळ्यात, शाळा बंद झाल्यावर. डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या आणि गादी लावलेला एक पट्टा दिला.

आता आचारणीच्या नोकरीत अट अशी की बटाट्याचं अख्खं पोतं एकट्यानं उचलता आलं पाहिजे. ते येत नाही असं कळलं की नोकरी गेली, नोकरीसोबत विमा गेला, आणि विमा गेला की पोट शिवायचं कशानं? पिठाच्या चिकटानं? म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही. डार्सी टपालघराच्या खिडकीत बसते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि गावातलं प्रत्येक माणूस दिवसातून एकदा त्या खिडकीशी येतं.

आणि खरं सांगायचं तर लोकांचा संशय वेल्डाच्या पथ्यावरच पडला होता. ती वाकली नाही तर बर्निस पळत येऊन उचले. पोत्याला हात घातला की गस म्हणे, “ऱ्हाऊ द्या बाई, तुमचे हात मोकळे पायजेत.” आणि डोळा मारी. जी गोष्ट लपवायला तिला जिवाचा आटापिटा करावा लागला असता, ती गावानंच झाकून दिली होती. नियमानं तिला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं आणि तिला म्हणायचंही नव्हतं. बरं चाललं होतं.

मग क्लीव्हला उमाळा आला.

नोव्हेंबरात एका सकाळी भटारखान्याच्या मागल्या दाराशी, दुधाच्या क्रेटवर, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं, भट्टीत भाजायचं एक उथळ भांडं होतं. वेल्डानं कागद उचलला. आत चोकचेरी या रानफळाच्या जेलीची बाटली, झाकणाला लाल चौकडीचं फडकं. तसलं फडकं फक्त क्लीव्हच्या बायकोचं. आणि बाटलीशेजारी काडतुसांचा कोरा डबा.

मंडळानं नेमलेल्याखेरीज कुणी कुंपणाच्या आत काडतूसही आणायचं नाही, हा नियम दारावर टांगलेला होता, आणि ती त्या दारातच डबा घेऊन उभी. पहिला विचार आला तो असा: हे खरंच क्लीव्हनं ठेवलंय, का कुणी आपली परीक्षा बघतंय? तिनं वर पाहिलं. समोर गाण्याच्या वर्गाची खिडकी होती, आणि खिडकीत एन्सली मास्तर उभे होते. त्यांनी हात हलवला. तिनंही हलवला, जेलीची बाटली धरलेला.

डबा कोटाच्या आत घालून ती पिकअपकडं गेली, पुढच्या कप्प्यात तो कोंबला, वरून मिठाच्या पुड्या आणि नकाशे घातले. सुटी झाल्यावर थेट क्लीव्हच्या दारात जाऊन त्याच्या टाळक्यात घालायचा, असं तिनं ठरवलं. पण त्या दिवशी भट्टी बिघडली, उशीर झाला, टिली भुकेनं रडायला आली, आणि वेल्डा सरळ घरी गेली.

अंगणात पिकअप थांबला. डार्सी चाकावरच्या घराच्या पायरीवर उभी होती. वेल्डा गाडीतून उतरायला नेहमीसारखा वेळ घेत होती, कुशीवर वळून, एक पाय, मग दुसरा. तेवढ्यात टिलीनं पेपरमिंट शोधायला कप्पा उघडला आणि उडी मारून खाली आली.

“मम्मी, बघ! केवढं जड खोकं हाय!”

डार्सीनं ते खोकं पोरीच्या हातातून घेतलं. फार सावकाश घेतलं. “टिली, घरात जा. टीव्ही लाव.”

“पन—”

“जा म्हनलं ना!”

दार आपटलं. डार्सीनं डबा पिकअपच्या बॉनेटवर ठेवला.

“नॅना, मला यवडंच सांगा. हो का न्हाई?” टिली आजीला नॅना म्हणते, म्हणून डार्सीही म्हणते.

“क्लीव्हचा हाय डबा. त्या खुळ्यानं—”

“क्लीव्ह तुमास्नी काडतुसं कशाला दील? मला कशाला न्हाई दिली? टपालाच्या खिडकीत समदा गाव मला इचारतोय. मी म्हनते, माजी सासू असली तर मला सांगनार न्हाई व्हय? आता तुमीच सांगा. हो का न्हाई?”

वेल्डा डबा उचलायला पुढं झाली, डार्सीनं तो आपल्याकडं ओढला.

“माज्या विलीचं तुमास्नी म्हाईत हाय,” डार्सी म्हणाली.

वेल्डाला माहीत होतं. गावालाही माहीत होतं. डार्सीचा धाकटा भाऊ विली सातव्या वर्षी गेला. आजीच्या पर्समध्ये चुइंगम शोधायला त्यानं हात घातला आणि आजीचं पिस्तूल त्याच्या हाताला लागलं. डार्सी तेव्हा त्याच खोलीत होती. ती स्वतः दर वर्षी एल्क जातीचं हरीण मारते, तिच्या घरात रायफल आहे, कुलपात. बंदुकीला ती भीत नाही. ज्या कपड्यांत पोर हात घालतं त्या कपड्यांतल्या बंदुकीला भिते.

“माजी पोरगी तुमच्या एप्रनात हात घालती, नॅना. घालत व्हती. तुमी घालू देईना झाला तवाच मला कळाय पायजे व्हतं.”

“डार्सी, मला बोलता येत न्हाई. नियम हाय.”

“म्हंजी हो.”

“म्हंजी काय बी न्हाई.”

“बरं. सोमवारपतुर सांगा. न्हाईतर मी टिलीला घिऊन आईकडं पाइन बेसिनला जाते. तिथली शाळा असलं काय करत न्हाई. डेलला फोनवर सांगन मी.” आणि काडतुसांचा डबा बॉनेटवर तसाच ठेवून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वेल्डा पेल्टनसाहेबांच्या खोलीत गेली. साहेब आमच्यातले नव्हेत, राजधानी शायेनहून आलेले, गळ्यात टाय. माणूस वाईट नाही, पण त्यांना हसू येण्याआधी ते विचार करतात.

“साहेब, एका मानसाला ‘न्हाई’ म्हनायचंय. फकस्त सुनंला. घरातल्या घरात.”

“वेल्डा, शाळेत आपण चौदा माणसं,” पेल्टन म्हणाले. “आज तुम्ही सुनेला ‘नाही’ म्हणाल. उद्या बर्निस नवऱ्याला म्हणेल, परवा गस त्याच्या मेव्हण्याला. ‘नाही’ म्हणणारी सगळी संपली की जो गप्प उरेल, त्याचं नाव वेगळं सांगायला नको. मी एकाला सूट दिली की नियम मेला.”

“माजी नात चाललीया हो, साहेब.”

“मला वाईट वाटतं.” त्यांनी पेन खाली ठेवलं. मग नजर हळूच तिच्या एप्रनवर आली आणि तिथंच थांबली. “पण तुम्ही आलाच आहात तर मलाही एक विचारायचं होतं. गावाला वाटतं तिथं काय आहे. मला ठाऊक आहे की ते तिथं नाही. मग, वेल्डा, तिथं काय आहे?”

तेव्हा वेल्डाच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या गावात तिच्या पोटाबद्दल चुकीचं न समजणारी माणसं तीनच, आणि त्यातल्या एकाच्या दारात ती आपल्या पायानं चालत आली होती.

“चरबी,” ती म्हणाली.

“एका बाजूला?”

“आमच्या घरान्यात एकाच बाजूला येती.”

पेल्टन हसले नाहीत. ते उठले. “चला, भटारखान्यात एक चक्कर मारू. बरेच दिवस आलो नाही.”

कोठारात बटाट्याची पोती रचलेली होती. साहेब दारात उभे राहिले, हात पाठीमागं. त्यांनी पोत्याकडं बघितलं आणि तिच्याकडं बघितलं. गस पुढं झाला, “मी उचलतो बाईंसाठी,” तर साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं.

वेल्डा पोत्याशी गेली. गुडघ्यात बसली, पोतं छातीशी घेतलं आणि दात आवळून उठली. पट्ट्याखाली काहीतरी कळवळून सरकलं. चार पावलं चालून तिनं पोतं टेबलावर टाकलं, आणि टाकल्यावर तसंच टेबलाला धरून उभी राहिली, जणू बटाटे कुठल्या जातीचे ते न्याहाळतेय.

“अजून कायी उचलायचं, साहेब? तुमाला उचलू?”

पेल्टननी मान हलवली. “नको. आज चिली आहे का?”

“आज मासं.”

“मग राहू द्या.” ते गेले. त्यांना पटलं की नाही, ते वेल्डाला आजही ठाऊक नाही. त्यानंतर आठवडाभर ते रोज या ना त्या कारणानं भटारखान्यात डोकावत राहिले.

शनिवार तिनं पडून काढला. रविवारी चर्चमधून आल्यावर डार्सीच्या पायरीवर तिला दोन भरलेल्या बॅगा दिसल्या. एकीच्या बाहेर टिलीचा लोकरीचा घोडा लोंबत होता. वेल्डा अंगण ओलांडून गेली आणि दार न वाजवताच आत शिरली. टिली आतल्या खोलीत झोपली होती. डार्सी टेबलावर सँडविच गुंडाळत होती.

“बोलायची बंदी हाय मला,” वेल्डा म्हणाली. “दावायची हाय का न्हाई, ते साहेबानं सांगितल्यालं न्हाई.”

आणि तिनं सदरा वर केला, पट्ट्याची चिकटपट्टी टर्रकन सोडली. लिंबाची गाठ परवाच्या पोत्यानं संत्र्याएवढी झाली होती.

डार्सी हातातलं सँडविच तसंच धरून बघत राहिली. मग तिनं सँडविच ठेवलं, हात पँटला पुसला आणि पुढं येऊन तीन बोटांनी गाठ दाबली. दाबली की आत जाई, सोडली की परत बाहेर. डार्सी गुरांच्या गोठ्यात वाढलेली आहे. गाईचा बाहेर आलेला गर्भाशय तिनं बर्फात बसून आत सारलाय.

“अवं, ह्ये तर वासराचं बेंबाट, आतडं उतरल्यालं!” ती म्हणाली.

“वासरू म्हनतीस सासूला?”

“गाय म्हनू?” डार्सी खुर्चीत बसली. हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, मग स्वतःवरच चिडून नाक पुसलं. “कवापासनं? आन् ह्ये घिऊन पोती उचलताय? मुडदा पडंल की तुमचा! मला का न्हाई सांगितलं?”

“तू टपालात बसतीस.”

डार्सीनं गुंडाळलेलं सँडविच परत सोडून सासूपुढं सारलं. ती म्हणाली, “तोंड शिवून ठेवते.”

“उन्हाळ्यापतुर.”

“उन्हाळ्यापतुर. बॅगा आत घेते. तुमी हात लावू नगा!” ती उठली, एक बॅग आत ओढली, आणि उंबऱ्यातच थबकली. तिच्या तोंडावरचं हसू ओसरलं. “पन नॅना... तुमी न्हाई तर मग कोन?”

“मी काय बोलले का?”

“न्हाई बोलला. पन कोन? टिलीची बाई? तिच्या बी गळ्यात पोरं पडत्यात. का येन्सली? त्यो टिलीला पियानोपाशी मांडीवर घेतोय...” दुसरी बॅग बाहेर तशीच राहिली. वेल्डा घरी आली तेव्हा चाकावरच्या घराच्या खिडकीत डार्सी उभी होती आणि बोटांवर माणसं मोजत होती. सकाळपर्यंत ती बॅगही आत गेली होती.

सोमवारी पहाटे, शाळेआधी, वेल्डा ‘स्पर’मध्ये आली. आमच्या टेबलाशी येऊन तिनं काडतुसांचा डबा क्लीव्हच्या अंड्यांशेजारी ठेवला.

“शाळेच्या दारात परत काय ठिवलंस तर तुजी दाढी ग्रेव्हीत शिजवीन.”

“वेल्डा, म्या आपलं उपकार म्हनून—”

“जेली ठिवून घेतली हाय. जेली चांगली व्हती.” आणि निघून गेली.

क्लीव्हनं डबा उचलला, फिरवून बघितला, आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू शहाणपण उगवलं.

“च्यायला,” तो म्हणाला. “माजंच चुकलं. तिच्या पिस्तुलाला मोटं माप लागत असनार.”

टपालघरातही तसंच. लोकांनी खिडकीशी येऊन विचारलं, तर डार्सी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती डार्सी, ओठ मिटून तिकिटं चिकटवत राहिली. तिच्या त्या गप्पपणानं उरलीसुरली शंकाही फिटली. वेल्डाबद्दलची खात्री गावाला त्या आठवड्यात झाली, ती पुढल्या उन्हाळ्यात मी तिला कॅस्परच्या इस्पितळात सोडून आलो तोवर टिकली. त्यानंतरही क्लीव्ह म्हणतो की ऑपरेशन वगैरे सगळं दाखवायला आहे.

त्या सोमवारी जेवणाच्या रांगेत टिली आली. ताट बाजूला ठेवून तिनं आजीकडं पाहिलं. आईनं तिला बहुतेक काहीतरी सांगितलं असावं, कारण ती धावली नाही. डाव्या अंगानं आली आणि वेल्डाच्या मांडीला बिलगली. वेल्डानं डावा हात तिच्या डोक्यावरून फिरवला आणि खिसा तिच्याकडं वळवला. पोरीनं पेपरमिंट घेतली.

पोरीच्या डोक्यावरून वेल्डाची नजर हॉलमध्ये गेली. पलीकडच्या टेबलाशी एन्सली मास्तरांच्या हातून काटा पडला. ते वाकले नाहीत. पाठ ताठ ठेवून गुडघ्यात बसले, काटा उचलला, आणि उठताना एक हात अलगद स्वेटरखाली गेला.

वेल्डा बघत राहिली. मास्तरांनी मान वर केली, दोघांची नजर भिडली. दोघांनीही दुसरीकडं बघितलं.

“वेल्डा,” बर्निस कानाशी आली, “काय बगतीस गं?”

“काय न्हाई. चमचा दे.” तिनं टिलीला रांगेकडं ढकललं, पट्टा कोपरानं वर सारला आणि बटाट्याच्या लगद्यात चमचा खुपसला. “पुडचा कोन? ये की रं, ताट सरळ धर. ग्रेव्ही पायजे का न्हाई? बोल, तुला तरी बोलायची बंदी न्हाई.”